शिक्षकीचं पहिलं वर्ष, वर्गात सोबतीला अनुभवी माणूस आणि जोडीला एम.ए.: नव्या शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत २००१ पासून शिकवते. शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर, लागले. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच दूरस्थ पद्धतीने शिक्षणशास्त्रात एम.ए. केलं. आता आमच्या केंद्रात, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, नवीन कुणी रुजू झालं की त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसते. हे माझ्या नेमणुकीचं काम नाही, मनापासून करते. जून उजाडला की फोन सुरू होतात आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

बी.एड.ला, डी.एल.एड.ला (बारावीनंतरच्या प्राथमिक शिक्षक पदविकेला) शाळेत जाऊन पाठ घेतलेच की. आता पुन्हा मार्गदर्शक कशाला?

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं आणि त्यात शाळेतला अनुभव २० आठवड्यांचा आला: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. आमच्या वेळेपेक्षा हे कितीतरी बरं. पण तेव्हा वर्ग दुसऱ्याचा असतो. मुलांना माहीत असतं, हे सर महिन्या-दोन महिन्यांनी जाणार. पाठ फसला तर मूळ शिक्षक दुसऱ्या दिवशी सावरून घेतात.

रुजू झाल्यावर वर्ग तुमचा. मुलाला वाचता आलं नाही तर ते तुमच्याकडेच बघतं. त्याच महिन्यात शाळेची सरकारला द्यायची यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, शाळा व्यवस्थापन समितीची सभा आणि हजेरीपट हे सगळं अंगावर येतं. या गडबडीत हाताला जे सोपं पडतं त्याची सवय लागते. फळ्यावर उत्तर लिहायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं, वर्ग शांत. पहिल्या वर्षी लागलेली ही सवय दहाव्या वर्षीही सुटत नाही. मी अशी चांगली माणसं पाहिली आहेत. मन लावून काम करायची त्यांची तयारी होती, पण कुणी वेळेवर त्यांच्या वर्गात जाऊन बसलंच नाही.

मार्गदर्शक कुणाला करावं? मुख्याध्यापक चालतील का?

मुख्याध्यापक चांगले असले तरी मी नको म्हणते. तुमच्या कामावर शेरा लिहिणारा माणूस आणि तुमच्या चुका पाहणारा माणूस एकच असू नये. ज्यांच्या सहीवर तीन वर्षांनी तुमचं नियमित होणं थोडंफार अवलंबून आहे, त्यांच्यापुढे कोण म्हणेल, 'सर, मला अपूर्णांक शिकवताच येत नाहीत'?

केंद्रातल्या दुसऱ्या शाळेतला शिक्षक बघा. तुम्ही शिकवता त्याच इयत्तेला ज्यांनी बरीच वर्षं शिकवलंय असा. पुरस्कारांची यादी बघू नका. त्यांच्या वर्गात एक दिवस जाऊन बसा आणि मुलं त्यांना प्रश्न विचारतात का ते बघा. ज्या वर्गात पोरं बाईंना बिनधास्त 'हे असं का?' म्हणतात, त्या बाईंना धरा. निवृत्त गुरुजी असतील तर फारच छान, त्यांच्याकडे वेळ असतो.

आमची शाळा द्विशिक्षकी. मी मार्गदर्शकाकडे गेलो तर माझा वर्ग कोण बघणार?

ही खरी अडचण आहे. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) अनुसूचीप्रमाणे ६० पटापर्यंत दोन शिक्षक, म्हणजे एक सहकारी रजेवर गेला की चारही इयत्ता तुमच्या गळ्यात.

आम्ही काढलेली वाट सांगते. आमच्याकडे शनिवारी शाळा सकाळची. ज्यांच्या शाळा पाच-सात किलोमीटरच्या आत आहेत ते शाळा सुटल्यावर भेटतात. महिन्यातून एकदा केंद्रप्रमुखांना सांगून मार्गदर्शकाची भेट आधी ठरवून घेतात, आणि त्या दिवशी त्यांचा वर्ग त्यांचे सहकारी सांभाळतात. केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेच्या दिवशी सगळे एकत्र येतातच, तेव्हा जेवणाच्या सुट्टीनंतरचा अर्धा तास याच्यासाठी ठेवतो. बाकी वेळी मोबाइल खिडकीत टेकवून पंधरा मिनिटांचं चित्रण करा आणि घरी एकट्याने बघा. मुलांची चित्रफीत कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, बघून झाली की पुसून टाका. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो.

मार्गदर्शक वर्गात बसून नेमकं करतात काय?

चांगला मार्गदर्शक आधी तुम्हाला विचारतो, 'आज मी काय बघू?' सगळंच बघायचं म्हटलं की काहीच दिसत नाही.

माझ्या पहिल्या वर्षी शेजारच्या गावच्या बाई माझ्या वर्गात आल्या. मी म्हटलं, मुलं बोलतच नाहीत, तेवढं बघा. त्या मागे भिंतीला टेकून खाली बसल्या. पाठकोऱ्या कागदावर वर्गाचा नकाशा काढला, प्रत्येक मुलासाठी एक गोल. मी कुणाला प्रश्न विचारला की त्या गोलात एक रेघ. तास संपल्यावर काही न बोलता कागद माझ्या हातात दिला. फळ्यासमोरच्या पाच गोलांत रेघांची गर्दी झाली होती. दाराजवळच्या चार मुलींचे गोल कोरे. मुलं बोलत नव्हती असं नव्हतंच, मीच त्यांना विचारत नव्हते. त्या पाठावर बाईंनी भाषण केलं असतं तर मी चार दिवसांत विसरले असते. तो कागद मी अजून ठेवला आहे.

दुसरी गोष्ट घाईची. प्रश्न विचारल्यावर आपण किती वेळ थांबतो हे मार्गदर्शकाला मनातल्या मनात मोजायला सांगा. नवा शिक्षक थांबतच नाही. मुलाने तोंड उघडायच्या आत उत्तर स्वतःच देऊन मोकळा होतो.

कुणी मागे बसलं की हातपाय गळतात. मुलांसमोर बोलतील याची भीती वाटते.

भीती रास्त आहे, आणि यात एकदा माझ्या हातून चूक झाली आहे. एका नव्या शिक्षिकेच्या वर्गात मी बसले होते. त्यांनी फळ्यावर उदाहरणाची मांडणी चुकवली आणि मी मागून बोलून गेले. सगळी मुलं गर्रकन माझ्याकडे वळली. त्यानंतर त्या बाई मुलांना काही सांगताना दर वेळी आधी माझ्याकडे बघत होत्या. पुढे किती तरी दिवस त्यांनी मला वर्गात बोलावलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

तेव्हापासून माझा नियम आहे. वर्गात एक शब्द बोलायचा नाही, पाठाबद्दल मुख्याध्यापकांशी बोलायचं नाही, केंद्रप्रमुखांनी विचारलं तरी 'छान चाललंय' एवढंच सांगायचं. तुम्हीही पहिल्याच भेटीत मार्गदर्शकाकडून हा शब्द घ्या. मोठ्यांना असं कसं सांगायचं म्हणून संकोचू नका, चांगल्या माणसाला राग येत नाही.

शिकायचं तर काय शिकावं? एम.ए., एम.एड. की बी.एड.?

आधी तुम्ही कुठे उभे आहात ते बघू.

बारावीनंतर डी.एल.एड. करून लागला असाल तर पहिलं काम पदवीचं. मुक्त विद्यापीठातून करा, पण पूर्ण करा.

पदवी झाली आहे आणि डी.एल.एड. आहे, तर सेवेतल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी दूरस्थ बी.एड. असतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, तिथून आपल्याकडच्या कितीतरी शिक्षकांनी ते केलं आहे. माध्यमिकला जायचं असेल तर त्याचा उपयोग. पहिली ते पाचवीलाच शिकवायचं असेल तर नुसत्या बी.एड.ला किंमत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही असं स्पष्ट केलं. तुमचं डी.एल.एड. हीच तिथली खरी पुंजी आहे.

एम.एड. दोन वर्षांचं आणि नियमित हजेरीचं. नोकरी सांभाळून ते होत नाही. कुणी 'फक्त परीक्षेला या' म्हणत असेल तर त्या दारात उभे राहू नका. पुढे अध्यापक महाविद्यालयात शिकवायचं मनात असेल तर बहुतेक जागांना एम.एड. मागतात, मग त्यासाठी रीतसर अध्ययन रजेचा विचार काही वर्षांनी करा.

पहिल्या वर्षाच्या जोडीला खरा शोभतो तो शिक्षणशास्त्रातला एम.ए. कुठल्याही शाखेच्या पदवीवर करता येतो. मुक्त विद्यापीठात आहे, इग्नूत (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात) आहे. इग्नूचा कमीत कमी दोन वर्षांचा, पण चार वर्षांपर्यंत सावकाश पूर्ण करता येतो, आणि हीच सवलत नव्या शिक्षकाला सगळ्यात मोलाची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २००६ साली प्राथमिक शिक्षणातला एम.ए. नोकरदारांसाठी दुहेरी पद्धतीने सुरू केला होता. काही आठवडे प्रत्यक्ष वर्ग, बाकी घरून. एम.ए. आणि एम.एड. मात्र एकच नव्हेत, फॉर्म भरण्याआधी हे डोक्यात पक्कं असू द्या.

'मराठीत किंवा इतिहासात एम.ए. केलं तर?' असंही विचारतात. विषयाची ओढ असेल तर जरूर करा. पण आज चौथीतलं पोर का अडलंय याचं उत्तर त्यात सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका.

दोन पदव्या एकदम करता येतात म्हणे?

२०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने तशी मुभा दिली आहे. पहिल्या वर्षी मात्र मुळीच करू नका.

प्रवेश पहिल्याच जूनमध्ये घ्यावा का?

माझं मत आहे, घेऊ नये. जून ते दिवाळी वर्गाला द्या. मुलांची नावं, घरं, कोण भाकरी खाऊन येतं, कोण उपाशी येतं, कोण उसतोडीला जाणाऱ्या घरातलं आहे, हे कळायला तेवढे दिवस लागतात. इग्नूचे प्रवेश जानेवारीतही होतात, तो धरा. तोवर तुमच्या डोक्यात स्वतःचे प्रश्न तयार झालेले असतील. प्रश्न घेऊन पुस्तक उघडणं आणि परीक्षेसाठी पुस्तक उघडणं यात फार फरक आहे. मी दुसऱ्या वर्षी प्रवेश घेतला आणि त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

परवानगी लागते का?

घ्यावीच. नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या नावे लेखी अर्ज, मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत. पोच घ्या आणि जपून ठेवा. पदवी मिळाल्यावर सेवापुस्तकात नोंद करायची वेळ येते तेव्हा 'पूर्वपरवानगी दाखवा' म्हणतात. तेव्हा पळापळ करणारे मी पाहिले आहेत.

मानधनात हे सगळं बसतं का?

शिक्षणसेवकाचं मानधन जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झालं. त्याआधी कितीतरी वर्षं ते ६,०००, ८,००० आणि ९,००० होतं. वाढ झाली हे चांगलंच, पण घरापासून लांब खोली करून राहणाऱ्याला, गावी पैसे पाठवणाऱ्याला हेही पुरत नाही, आणि तीन वर्षं हा छोटा काळ नाही. म्हणून दूरस्थ अभ्यासक्रम घ्या, फी वर्षावर्षाने भरा, आणि महागडे क्लास लावू नका. पुस्तकं विद्यापीठ देतं. जिल्ह्याच्या डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) ग्रंथालय असतं, तिथे जाऊन बसा. तिथली पुस्तकं वाचकाची वाट बघत असतात.

अभ्यासाला वेळ कुठून आणायचा?

रात्री अकरानंतर अभ्यास करीन असं ठरवू नका, ते चार दिवस टिकतं. शाळा सुटल्यावर त्याच वर्गात, त्याच खुर्चीत पाऊण तास बसा. मुलांच्या वह्या समोर असतात, फळ्यावर दुपारचं गणित असतं. त्यातला पहिला पाव तास उद्याच्या टाचणाला (पाठाच्या तयारीच्या टिपणाला), उरलेला वाचनाला. शेवटची एसटी गाठायची असेल तर सकाळी परिपाठाच्या आधी.

आरटीईच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत आणि त्यात तयारीचा वेळ मोजलेला आहे. तयारी म्हणजे फावल्या वेळचं काम, असं समजू नका आणि कुणाला समजू देऊ नका.

विद्यापीठाचे स्वाध्याय आणि माझा वर्ग यांचा काही संबंध लागत नाही. नुसतं उतरवून काढायचं का?

उतरवून काढलं तर पदवी मिळेल आणि वर्ग होता तिथेच राहील. या एका प्रश्नासाठी मी फोनवर तासभरही बोलते.

एक उदाहरण घ्या. तिसरीतल्या मुलाने लिहिलं: ५२ वजा २७ बरोबर ३५. नवा शिक्षक लाल फुली मारतो, खाली बरोबर उत्तर २५ लिहितो आणि पुढची वही घेतो. आता त्या मुलाला जवळ बोलावून विचारा, 'कसं केलंस रे, सांग बरं.' तो सांगेल, 'सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.' म्हणजे पोराला वजाबाकी येते. दोनातून सात जात नाहीत एवढं त्याला कळलंय, म्हणून त्याने मोठ्यातून लहान वजा केलं. त्याने स्वतःचा एक नियम बनवला आणि तो इमानदारीने पाळला. हातच्याचा नियम दहा वेळा घोकून घेतला तरी हा नियम जात नाही. काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या हातात द्या, त्यातून सत्तावीस मागा. तो जरा वेळ नुसता बघतो. मग एका गठ्ठ्याचं रबर काढतो. ते रबर काढायचं त्याचं त्याला सुचलं पाहिजे, आपण काढून देऊ नये.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली नेमकं हेच मांडलं: विषय येणं वेगळं, शिकवण्याच्या सर्वसाधारण युक्त्या येणं वेगळं, आणि हा विषय या मुलांना कुठे अडतो, का अडतो हे कळणं हे तिसरं ज्ञान शिक्षकाचं स्वतःचं. एम.ए.च्या पुस्तकात हे दोन परिच्छेदांत येतं. ज्याने काड्यांचा गठ्ठा सुटताना पाहिलाय त्याला ते एका वाचनात कळतं आणि स्वाध्याय लिहिताना त्याला उदाहरण शोधावं लागत नाही.

भाषेचंही तसंच. पेठ, सुरगाणा भागातली आमची मुलं घरी कोकणा बोलतात. पहिलीत येऊन गप्प बसलेल्या मुलाला 'मंद' म्हणून मोकळं होणं सोपं असतं. मातृभाषेवरचं प्रकरण वाचताना तेच मूल डोळ्यांसमोर ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याला चित्र दाखवून म्हणा, तुझ्या घरी कसं सांगशील तसं सांग. बोलायला लागलेलं ते मूल म्हणजे तुमचा स्वाध्याय. आधी करून बघा, लिहिणं नंतर.

म्हणून रीत अशी ठेवा: प्रश्न वर्गातून घ्या, तो घेऊन वाचा, करून बघा, त्या दिवशी मार्गदर्शकाला मागे बसवा, मग लिहा. लघुसंशोधन किंवा प्रबंध करायची वेळ येईल तेव्हाही विषय स्वतःच्या वर्गातलाच घ्या.

असं पद्धतशीर कुठे चालतं का, की हा सगळा हौसेचा मामला?

चालतं. अमेरिकेत शिकागोला २००१ साली आणि बोस्टनला २००३ साली शिक्षकांची 'रेसिडेन्सी' सुरू झाली. डॉक्टर जसे रुग्णालयात राहून शिकतात तसा नवा शिक्षक वर्षभर एका अनुभवी शिक्षकाच्या वर्गात काम करतो आणि त्याच काळात विद्यापीठाची मास्टर्स पदवीही करतो. स्कॉटलंडमध्ये २००२ पासून नव्या शिक्षकाला एक वर्षाची नेमणूक मिळते, तासिका कमी दिल्या जातात आणि मार्गदर्शक नेमून दिला जातो. इंग्लंडने सप्टेंबर २०२१ पासून हा काळ दोन वर्षांचा केला. पहिल्या वर्षी तासिका १० टक्क्यांनी कमी, दुसऱ्या वर्षी ५ टक्क्यांनी, आणि मार्गदर्शक ठरलेला.

यातली मला हवी असलेली गोष्ट एकच: कमी तासिका. मार्गदर्शक आपण शोधू, पुस्तकं आपण मिळवू, पण वेळ सरकारनेच द्यायला हवा. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला ५० तास प्रशिक्षण आणि मार्गदर्शनाची राष्ट्रीय मोहीम या दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत. त्या पन्नासांतले निम्मे तास तरी सभागृहात बसवण्याऐवजी एकमेकांच्या वर्गात बसायला द्यावेत, असं मी प्रत्येक शिक्षण परिषदेत सांगते आणि सांगत राहीन.

आणि हे आपल्याला परकं आहे असंही नाही. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तिथे त्यांच्या सोबतीला आल्या आणि त्यांच्याजवळ राहून काम शिकल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताईंनी ते काम वाढवलं.

मार्गदर्शकाला यातून काय मिळतं? फुकट त्रास दिल्यासारखं वाटतं.

पैसे मिळत नाहीत, मिळायला हवेत. पण तुम्हाला वाटतो तेवढा त्रासही होत नाही. गेल्या वर्षी एका नव्या गुरुजींच्या वर्गात बसले तेव्हा नकाशा वाचन शिकवायला ते मुलांना गावाच्या टेकडीवर घेऊन गेले. इतकी वर्षं मी भिंतीवरच्या नकाशावर छडी फिरवत होते. यंदा माझेही विद्यार्थी टेकडीवर गेले. मार्गदर्शकाला बोलवाल तेव्हा फक्त एक करा, त्यांच्या येण्याजाण्याचं पेट्रोल त्यांच्या खिशातून जाऊ देऊ नका.

तीन महिने झाले. वर्ग हाताबाहेर गेलाय, काल घरी येऊन रडले. हे काम माझं नाही असं वाटतंय.

बाई गं, ऑगस्ट-सप्टेंबरात हे जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. पाऊस थांबत नाही, छप्पर गळतं, चाचणी जवळ येते आणि मुलांना अजून जोडाक्षरं येत नाहीत. या महिन्यात कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका.

उद्या एवढंच कर. वर्गातलं एकच मूल निवड, सगळ्यात त्रास देणारं, आणि दिवसभर त्याच्याशी तीनदा बोल, अभ्यास सोडून कशाहीबद्दल. संध्याकाळी मार्गदर्शकाला फोन कर आणि ते मूल काय बोललं तेवढंच सांग. दिवाळीपर्यंत हे चालू ठेव. त्यानंतरही मन उठलंच असेल तर आपण बसून बोलू, मी समजावत बसणार नाही.

वर्षाच्या शेवटी हातात काय असावं?

एक वही. टाचणाची नव्हे, तपासणीला ठेवायचीही नव्हे. डाव्या पानावर वर्गात जे अडलं ते, तारीख टाकून आणि मुलाचं नाव घालून. उजवं पान कोरं सोडायचं. त्या अडण्याबद्दल मार्गदर्शकाने सांगितलेलं, पुस्तकात सापडलेलं, स्वतःला सुचलेलं जे काही असेल ते जसं मिळेल तसं तिथे लिहायचं. काही उजवी पानं एप्रिलपर्यंत कोरीच राहतात. ती तशीच राहू द्या आणि पुढच्या जूनमध्ये तीच वही पुढे चालवा.

मार्गदर्शक मिळालाच नाही तर?

तुमच्यासोबत त्याच तालुक्यात रुजू झालेला दुसरा नवा शिक्षक गाठा आणि महिन्यातून एकदा एकमेकांच्या वर्गात बसा. दोघेही नवे असलात तरी चालेल. कोऱ्या कागदावर गोल काढून रेघा ओढायला अनुभव लागत नाही.